चौसष्ट सालचं कालवण

मंगळवारी सकाळी आठ वाजता टँकर येणार होता आणि माइलिस पेरोंदेची दीड वर्षाची मेहनत नळीने ओढून नेणार होता. तिची नव्वद सालची वाइन, सगळी तीस पिंपं, दहा मळ्यांच्या उरल्यासुरल्या मालात मिसळली जाणार आणि कुठल्याशा दुकानात कुठल्याशा नावाने खपणार. पेरोंदेंच्या घराचं नाव तिला लागणार नव्हतं. सासऱ्याने तसा हुकूमच सोडला होता.

"शाई आहे ती," आर्मां पेरोंदे म्हणाला होता. "शाळेत पाठवून दे. पोरांना लिहायला होईल."

आर्मां अठ्ठ्याहत्तरचा. सेंत-एमिलियोंच्या टेकडीवरून दोर्दोन्य नदीकडे उतरणाऱ्या त्याच्या दीड हेक्टरच्या मळ्याचं नाव होतं, पण त्याहून मोठं नाव त्याच्या नाकाचं. डोळे बांधून ग्लास पुढे केला तर तो साल सांगायचा, मळा सांगायचा, आणि मळेवाल्याचं बायकोशी पटतं की नाही तेही सांगायचा, असं लोक म्हणत. नव्वद साली तोडणीला आठ दिवस उरले असताना हा माणूस शिडीवरून पडला, खुबा मोडून इस्पितळात गेला, आणि त्या घरची वाइन पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी केली. मुलगा बास्तियां लिबूर्नला वायरमन. त्याला वेलींपेक्षा विजेच्या तारांची माया जास्त. मग राहिली कोण? सून.

सुनेने केली, आणि काय केली! त्या वर्षी ऊन असं पडलं होतं की मर्लो द्राक्षांचे घड हातात घेतले तर गरम लागायचे. माइलिस रात्रंदिवस टाकीपाशी होती. साली रसात किती दिवस ठेवायच्या, कधी काढायच्या, हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून तिने स्वतःच्या जिभेला विचारलं. गेल्या नोव्हेंबरमध्ये आर्मां काठी टेकत पिंपांपाशी आला, एक घोट घेतला, आणि त्याची डावी भुवई वर गेली. "बघू," म्हणाला. आर्मांचं 'बघू' म्हणजे दुसऱ्या कुणी फुलं उधळल्यासारखं. माइलिस त्या दिवशी स्वयंपाकघरात एकटीच नाचली होती.

आणि मग फेब्रुवारीत त्याच पिंपातला, तोच घोट त्याने तोंड वाकडं करून थुंकला. शाई. तुरट. जीभ लाकडासारखी होते. वाइन तीच, माणूस तोच. मधल्या काळात काय बिघडलं, हे माइलिसला काही केल्या कळेना. वाद घालायची सोय नव्हती. त्या नाकाशी वाद कोण घालणार?

तर आता एप्रिल होता, लॅम्प्रेचा हंगाम. नदीकाठच्या फेर्नां कोळ्याने शुक्रवारी दोन जाडजूड लॅम्प्रे आणून दिले होते. वामेसारखा लांब, गुळगुळीत, जबडा नसलेला, गोल तोंडात दातच दात असलेला हा मासा बघून परका माणूस पळून जाईल. पण आमच्याकडे त्याच्यासाठी लोक वर्षभर वाट बघतात. मासा असून तो लाल वाइनमध्ये शिजतो, आणि त्याचंच रक्त शेवटी रश्श्यात घालून तो दाट करतात. शनिवारी शिजवायचा, एक दिवस मुरू द्यायचा, रविवारी दुपारी खायचा.

रविवारच्या जेवणाला बास्तियां कामावर असणार होता, पण फेर्नां येणारच होता. शिवाय मस्यू लाबादी, लिबूर्नचा वाइनचा दलाल, आर्मांचा चाळीस वर्षांचा दोस्त. टँकरची व्यवस्था त्यानेच केली होती. त्याच्यासाठी आर्मां चौसष्ट सालच्या शेवटच्या चार बाटल्या उघडणार होता. महिनाभर तो दुसरं काही बोलत नव्हता. "लॅम्प्रेबरोबर जुनीच वाइन पाहिजे," हा त्याचा कायदा. "नवी वाइन म्हणजे जेवणाच्या टेबलावर ढोल बडवायचा."

शनिवारी दहाच्या सुमाराला माइलिस मळ्यातून घरात शिरली आणि दारातच थबकली.

स्वयंपाकघरात आर्मांची बहीण जिनेत पातेल्याशी झटत होती. हंसाच्या चरबीत लीकच्या जाड कांदापातीचे पांढरे देठ परतून झाले होते, हॅमचे तुकडे पडले होते, आणि वर नुकतीच ओतलेली वाइन कोमट होऊ लागली होती. पण वास! पातेल्यासाठी ठरलेली होती सत्त्याऐंशीची साधी, पातळ, पावसाने मारलेल्या सालची वाइन; तिच्याही चारच बाटल्या उरल्या होत्या. आणि इथे तर पानगळीनंतरच्या ओल्या रानाचा वास येत होता. जुन्या चामड्याचा. पुस्तकात दाबून ठेवलेल्या गुलाबाचा.

"जिनेत आत्या, वाइन कुठली ओतलीत?"

"आर्मांने वर आणून दिली. त्या निळ्या जगमध्ये. चारही बाटल्या खालीच उघडून आणतो तो, तुला माहीत आहे ना." जिनेतने पळी आपटली. "का गं? आणि दारात उभी राहू नको, वारा येतोय."

माइलिस तळघराच्या पायऱ्या एका दमात उतरली. आमच्या तळघरांत बाटल्यांना लेबलं नसतात. लेबल विकायच्या वेळी लावायचं. तोवर बाटल्यांच्या थप्प्या, आणि थप्पीवर टांगलेली पाटी, खडूने साल लिहिलेली. मार्च महिन्यात आर्मांने भिंतींना चुना काढला होता. पाट्या स्वतः उतरवल्या आणि स्वतःच परत टांगल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. खोक्यावर चार रिकाम्या बाटल्या होत्या आणि जमिनीवर चार बुचं. तिने एक उचलून दिव्याखाली धरलं. काळंभोर, लांब, कडा झडलेलं बूच. त्यावर छापलेलं होतं, १९६४.

चारही बुचांवर तेच.

'अरे देवा! चौसष्ट साल पातेल्यात गेलं!' तिला आधी हसूच फुटलं. मग हसू थांबलं. पाट्यांची अदलाबदल कुणाचीही होईल. अंधारात साल वाचलं नसेल, निळ्या जगमध्ये रंग दिसला नसेल. पण वास? चौसष्टच्या चार बाटल्या एकामागून एक उघडल्या, नाकापासून हातभर अंतरावर, आणि आर्मां पेरोंदेला कळलं नाही?

मग एकेक गोष्ट तिच्यासमोर उभी राहिली. जानेवारीत त्याला झालेला तो वाईट ताप. त्यानंतर सूपबद्दल एकदाही कुरकूर नाही. परवा दूध जळून घरभर धूर झाला तेव्हा तो शेजारी बसून पेपर वाचत होता. कॉफीत चार चार चमचे साखर. आणि शाई! नाक गेलं तर कोवळ्या वाइनमधलं उरतं काय? फळ नाही, फूल नाही. उरतो तो नुसता तुरटपणा. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच शाई लागत होती.

माइलिस पायरीवर बसली. तिची वाइन वाईट नव्हती! नोव्हेंबरमधली ती भुवई खरी होती! तिला ओरडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी त्या हट्टी म्हाताऱ्याची दयाही आली. तीन महिने हा माणूस आंधळ्यासारखा घरात वावरत होता आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

आता काय करायचं? काही न करता गप्प बसायचं, हे सर्वांत सोपं. उद्या आर्मां चौसष्ट समजून सत्त्याऐंशी आणेल, लाबादीच्या ग्लासात ओतेल, आणि पहिल्या घोटालाच लाबादीला सगळं कळेल. मग त्या नाकाची कीर्ती संपली, आणि 'शाई' हा निकालही संपला. तिचं काम आपोआप होत होतं. तिने तो विचार बराच वेळ मनात घोळवला, खोटं कशाला बोला. पण आपल्याच टेबलावर, आपल्याच दोस्तासमोर तोंडघशी पडलेला आर्मां काही तिला बघवेना.

ती त्याच्याकडे गेली. तो अंगणात खुर्चीवर बसून उद्याचे ग्लास पुसत होता, एकेक उजेडात धरत होता आणि काहीतरी गुणगुणत होता.

"पापा..."

"काय गं? चेहरा का असा? मांजर मेलं की काय?"

माइलिसने तोंड उघडलं आणि त्यातून "कॉफी घेता का?" एवढंच बाहेर पडलं.

रविवारी बाराच्या ठोक्याला मंडळी जमली. लाबादी ठेंगणा, गुबगुबीत, शर्टाच्या कॉलरमध्ये आधीच नॅपकिन खोवलेला. फेर्नां उंच, नदीच्या वाऱ्याने रापलेला, जेवण आणि पाऊस सोडून कशावर बोलायचा नाही. जिनेतने पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवलं, लसूण चोळून तळलेले पावाचे काप मांडले, आणि झाकण उघडलं. रस्सा काळा, चकचकीत, पळीला चिकटणारा. फेर्नांने डोळे मिटले.

आर्मां उठला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. "मित्रांनो, आता मी खाली जाऊन येतो. तुम्हाला ठाऊक आहे कशासाठी."

आता नाही तर कधीच नाही. माइलिसने एप्रनच्या खिशातून बशी काढली, चार काळी बुचं तिच्यात टाकली आणि बशी टेबलावर सरकवली.

"पापा, तळघरात कशाला जाता? चौसष्ट कुठे उरली आहे? तुम्हीच तर पातेल्यात ओतलीत. आता किती वेळ या दोघांची मजा बघणार? सांगून टाका ना."

आर्मांने एक बूच उचललं. चष्मा चढवला. वाचलं. दुसरं उचललं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना माइलिसने पाहिला आणि तिला वाटलं, आपण चुकलो, कालच सांगायला हवं होतं.

"पातेल्यात?" लाबादी किंचाळला. "चौसष्ट? चारच्या चार? आर्मां, तुला वेड लागलंय का रे?"

फेर्नांने छातीवर क्रूस काढला.

"वेड नाही," माइलिस घाईघाईने म्हणाली. शब्द कुठून येत होते तिलाच कळत नव्हतं. "पापांचं म्हणणं असं, की रक्त, चरबी, लसूण, हॅम, एवढ्या गलक्यात म्हाताऱ्या चौसष्टचं ग्लासातून कोण ऐकणार? तिचा मान पातेल्यात. आणि ग्लासात पाहिजे एखादी दांडगी, या रश्श्याशी दोन हात करणारी." तिने पिंपातून सकाळीच काढून ठेवलेली सुरई कपाटावरून उचलली. "म्हणून ही. नव्वदची."

आर्मांने तिच्याकडे पाहिलं. तिला त्या नजरेतलं काही वाचता येईना. मग तो हळूच खाली बसला. "ओत," एवढंच म्हणाला.

तिने सगळ्यांचे ग्लास भरले. रंग जांभळट काळा, काठाशी किंचित किरमिजी. लाबादीने ग्लास फिरवला, हुंगला, भुवया उंचावल्या, घोट घेतला, आणि त्याचे गाल आत गेले.

"हं," तो म्हणाला. "तुरट आहे बाई. फार तुरट."

माइलिसने सुरई खाली ठेवली.

"जेवायला बसलात की परीक्षा घ्यायला?" जिनेत कडाडली. "आधी खा! दोन दिवस राबले मी. घास तोंडात घाला आणि मग प्या, म्हणजे कळेल."

सगळ्यांनी खाल्लं. माशाचा मऊ, लोण्यासारखा तुकडा, त्यावर तो दाट, गोडसर, रक्ताचा रस्सा. मग लाबादीने ग्लास उचलला, एक घोट घेतला, आणि ग्लास खाली ठेवलाच नाही. दुसरा घोट. परत एक घास. परत घोट.

"अरे!" तो म्हणाला. "अरे, कुठे गेला तो तुरटपणा?"

"रश्श्याने खाल्ला!" जिनेत टाळी वाजवून म्हणाली.

"खाल्ला म्हणजे? साफ खाल्ला! नुसतं फळ उरलं! आणि वाइनने चरबी धुऊन नेली, तोंड परत कोरं. मला आणखी वाढा. नाही, थांबा, आधी ओता."

आणि मग आक्रीत घडलं. फेर्नां बोलला.

"तीस वर्षं," तो पावाने ताटली पुसत म्हणाला, "तीस वर्षं, आर्मां, तुझी जुनी वाइन माझ्या लॅम्प्रेत बुडून मरत होती. दर वसंतात एक मयत. पण तुझ्या नाकापुढे बोलणार कोण?"

लाबादी एवढा हसला की नॅपकिन रश्श्यात पडला. जिनेतने सगळ्यांना परत वाढलं. मग जो दंगा सुरू झाला त्यात कोण काय बोलतंय ते कळेना. लाबादी म्हणाला, ही बदकाबरोबर प्यायला पाहिजे, कातडी कुरकुरीत हवी. जिनेत म्हणाली, बदक कशाला, वेलींच्या काटक्यांवर भाजलेली गाईची बरगडी, वर बारीक कांदा. फेर्नां म्हणाला, रानडुक्कर. लाबादी म्हणाला, दहा वर्षं थांबा, मग कबूतर आणि रानअळंबी. "पण कालवांबरोबर नको," तो बोट नाचवत म्हणाला, "कालवांबरोबर ही प्यायलात तर खिळे चघळल्यासारखं वाटेल!" माइलिस उभीच होती. तिला बसायचं सुचत नव्हतं, हसू आवरत नव्हतं, आणि गाल इतके तापले होते की त्यांच्यावर पाव भाजता आला असता.

फक्त आर्मां बोलत नव्हता. तो खात होता, पीत होता, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. लाबादी घोट गिळताना डोळे कसे मिटतो. फेर्नां ग्लास रिकामा झाल्यावरही कसा हुंगतो.

"आर्मां," लाबादी नॅपकिन पिळत म्हणाला, "तू मला माल विकलास तेव्हा काही बोलला नाहीस. ही वाइन तू टँकरमध्ये घालतोयस? अजून वेळ आहे. मला काय, मी उद्या फोन करून गाडी थांबवीन. पण वाइन तुझी, घर तुझं. चौसष्ट पातेल्यात घालायचं डोकं ज्याचं, त्याच्यापुढे मी काय बोलू? तुझं नाक काय म्हणतं तेवढं सांग."

एक शब्द पुरे होता. 'चांगली आहे' एवढं म्हणाला असता तरी झालं असतं. अब्रूही राहिली असती, वाइनही. तिने डोळ्यांनीच त्याला विनवलं, म्हणा ना पापा, म्हणून टाका.

आर्मांने ग्लास खाली ठेवला.

"माझं नाक काही म्हणत नाही," तो म्हणाला. "माझं नाक जानेवारीत मेलं."

जिनेतच्या हातातली पळी तशीच राहिली.

"ही पोरगी खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली. मी चौसष्ट मुद्दाम ओतली नाही रे. मला कळलंच नाही. चार बाटल्या उघडल्या, आणि मला पाण्याचा वास यावा तेवढाही आला नाही." त्याचा आवाज चिडलेला होता, स्वतःवरच. "दोन महिने मी हिच्या वाइनला शाई म्हणतोय. मी ती एकदाही हुंगलेली नाही. म्हणजे नोव्हेंबरात हुंगली होती. तेव्हा आवडली होती, आणि तेव्हाही मी हिला सांगितलं नाही. ते का नाही सांगितलं ते मला विचारू नका."

फेर्नांने आपला मोठा हात आर्मांच्या खांद्यावर ठेवला. आर्मांने तो झटकला, पण लगेच नाही.

"आत्ता इथे बसून मी फक्त तुमची तोंडं बघितली," तो म्हणाला. "चाळीस वर्षं लाबादीला पिताना बघतोय. एवढा मूर्खासारखा हसताना कधी बघितला नाही. मला तेवढं पुरे. लाबादी, उद्या कशाला, आत्ता फोन कर. फोन ओसरीवर आहे."

लाबादी फोनकडे धावला. खरंच धावला, त्या वयात, त्या पोटाने. माइलिसला आपण रडतोय हे जिनेतने एप्रनचं टोक तिच्या हातात दिलं तेव्हा कळलं.

आर्मांने पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. "बस इथे. रडणं नंतर. ओत मला." तिने ओतली. त्याने ग्लास नाकाशी नेला, सवयीने, आणि तसाच धरून ठेवला. "सांग."

"काय सांगू, पापा?"

"काय आहे हिच्यात, ते. सगळं सांग."

माइलिसने स्वतःचा ग्लास फिरवला. नाक आत घातलं. "आधी चेरी," ती म्हणाली. "काळी चेरी. झाडावर उन्हात तापलेली, तोडून लगेच तोंडात टाकलेली."

त्याने एक छोटा घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. "हं. पुढे."

"मग ज्येष्ठमध. अगदी थोडं, मागून येतं. त्याच्या मागे खालच्या वाफ्यातली चिकणमाती, नांगरल्यानंतरची. आणि..." तिने परत हुंगलं. "पेन्सिल सोलल्यावर येतो ना, तसा वास. आणि आता एक नवीन येतोय, हवा लागल्यावर. थांबा. व्हायोलेट. पापा, व्हायोलेटची फुलं आहेत!"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. त्याची डावी भुवई हळूहळू वर गेली. बाहेर लाबादी फोनवर ओरडत होता, गाडी रद्द, हो हो, रद्द म्हणजे रद्द.

"सावकाश," आर्मां म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून सांग."